एमआरआयचा हेलियम-थंडावा सोलापुरात: कोल्ड हेड पास, चिलर काठावर

एमआरआयच्या खोलीत स्कॅन चालू नसतानाही दर सेकंदाला एक ठोका ऐकू येतो. तो कोल्ड हेडचा. मॅग्नेटच्या डोक्यावर बसून त्याला थंड ठेवणारा हा कोल्ड हेड, शेजारच्या खोलीतला त्याचा हेलियम कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरला गार पाणी देणारा गच्चीवरचा चिलर आणि या तिघांचा वार्षिक देखभाल करार, अशा चार गोष्टींचे हे परीक्षण आहे. सात रस्ता असो, रेल्वे लाइन्स असो की होटगी रोड, दीड टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे माप) मशीन घेणाऱ्याने कॉइल आणि सॉफ्टवेअरची चौकशी महिनाभर केलेली असते. वर्षभर रात्रंदिवस वीज खाणाऱ्या या संचाची चौकशी मात्र मशीन बसल्यावर, पहिले बिल आल्यावर सुरू होते.

आधी कामाचे स्वरूप. मॅग्नेटची तार नायोबियम-टायटेनियमची, म्हणजे अतिवाहक: अतिथंड असेल तरच विजेला विरोध न करणारी. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण-त्वरकामध्ये प्रोटॉन वळवणारे १,२३२ द्विध्रुवी मॅग्नेटही याच मिश्रधातूचे. तिथे तार १.९ केल्विनला ठेवतात, आपल्याकडे ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, द्रव हेलियमच्या हौदात. कितीही थर गुंडाळले तरी थोडी उष्णता आत झिरपतेच. (क्रायोस्टॅटच्या, म्हणजे मॅग्नेटभोवतीच्या थर्मासच्या, पोकळीत चकचकीत फॉइलचे डझनावारी थर असतात. सोलापुरी चादरींची चळत डोळ्यांसमोर आणा, फक्त प्रत्येक थर केसाहून पातळ.) एक वॅट उष्णता आत शिरली तर तासाला सुमारे १.४ लिटर द्रव हेलियम उकळते, दिवसाला ३३ लिटर. कोल्ड हेड ही वाफ जागच्या जागी पुन्हा द्रव करतो. त्याचे काम एवढेच.

एका वॅटसाठी सात किलोवॅट

नमुन्याला सुमितोमोचा आरडीके-४०८डी२ घेऊ. दीड टेस्लाच्या मशीनवर या वर्गातला कोल्ड हेड सर्रास दिसतो. दुसऱ्या टप्प्यावर ४.२ केल्विनला १ वॅट आणि पहिल्या टप्प्यावर, ५० हर्ट्झला, ४० केल्विनला ३४ वॅट थंडावा. सोबतचा कॉम्प्रेसर साधारण ७ किलोवॅट घेतो. बिल बघणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो: एक वॅट उपसायला सात हजार वॅट?

ही टीका अर्धी खरी आहे. ३०० केल्विनच्या खोलीतून ४.२ केल्विनला एक वॅट उपसायला निसर्गाचा किमान दर, म्हणजे कार्नो मर्यादा, सत्तर वॅटचा. त्याखाली कोणीच जाऊ शकत नाही. शिवाय पहिल्या टप्प्याचे ३४ वॅट हिशेबात धरले पाहिजेत, कारण उष्णतारोधक कवच तोच थंड ठेवतो. त्यांची किमान किंमत २२१ वॅट. दोन्ही मिळून २९१. म्हणजे सात किलोवॅटमध्ये आदर्शाच्या चार टक्क्यांच्या आसपास काम निघते, एक टक्का नव्हे.

सर्नचे आकडे शेजारी ठेवले की फरक कळतो. तिथे ४.५ केल्विनला प्रत्येकी १८ किलोवॅटचे आठ प्लांट आहेत. एका वॅटला सुमारे २३० वॅट लागतात. कार्नोची मर्यादा ६६, म्हणजे कार्यक्षमता २८-२९ टक्के. त्या दराने आपल्या मशीनचे काम एका किलोवॅटमध्ये झाले असते. होत नाही याचे कारण आकारात आहे. मोठ्या प्लांटमध्ये प्रसरण पावणारा वायू टर्बाइन फिरवतो आणि उष्णता-विनिमयक अनेक टप्प्यांत थंडावा परत मिळवतात. कोल्ड हेडमध्ये गिफर्ड-मॅकमोहन चक्र आहे: फिरता व्हॉल्व्ह जास्त दाबाचा वायू आत सोडतो, मग कमी दाबाच्या बाजूला उघडतो, आणि प्रत्येक वेळी दाबातला हा फरक व्हॉल्व्हवरच वाया जातो. दुसरी अडचण रिजनरेटरची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या वायूची उष्णता धरून परत देणाऱ्या भागाची. १० केल्विनखाली शिशाची उष्णता धरून ठेवण्याची ताकद संपते, म्हणून होल्मियम-तांबे किंवा अर्बियम-निकेलचे बारीक मणी भरावे लागतात. तेही हेलियमपुढे अपुरेच पडतात.

एवढी वीज खाऊनही हा सौदा फायद्याचाच आहे. कॉम्प्रेसरचे ७ आणि चिलर-पंपाचे ३ असे १० किलोवॅट धरले तर दिवसाला २४० युनिट. त्यात ३३ लिटर हेलियम उडायचे वाचते. लिटरमागे सात-सव्वासात युनिट. युनिटला दहा रुपये धरा (तुमच्या बिलातला दर टाका), सत्तर-बहात्तर रुपये झाले. द्रव हेलियमचा लिटरचा भाव त्याच्या कित्येक पट असतो, आणि ते ड्युअरमध्ये (थर्माससारख्या टाकीत) भरून सोलापूरपर्यंत आणताना वाटेत उडते ते वेगळेच. म्हणून 'रात्री कॉम्प्रेसर बंद ठेवा, वीज वाचेल' असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. अपवाद एकच: मॅग्नेटचा दाब बघून कॉम्प्रेसर स्वतः थांबवणारी आणि सुरू करणारी सोय काही नव्या मशीनमध्ये असते. ती असेल तर जरूर चालू ठेवा. हाताने हा खेळ करू नका.

कोल्ड हेड आणि कॉम्प्रेसर या जोडीला आमचे पाचपैकी चार. एक गुण आवाजाचा आणि देखभालीच्या तासांचा कापला.

खरी गळती गच्चीवर

उन्हाळ्यात बाहेर ४३ अंश असले तर ४ केल्विनच्या थंडाव्याला किती फरक पडतो? कागदावर फार नाही. ३०० ऐवजी ३१६ केल्विनला उष्णता टाकायची म्हटली तर किमान दर ७०.४ वरून ७४.२ वर जातो, जेमतेम पाच टक्के. पण कॉम्प्रेसरला ही हवा दिसतच नाही, त्याला पाणी दिसते. अशा कोल्ड हेडसोबत येणाऱ्या एफ-५० वर्गाच्या कॉम्प्रेसरला २८ अंशांपेक्षा कमी तापमानाचे पाणी मिनिटाला ६ ते ९ लिटर लागते. ४३ अंशांच्या दुपारी हे पाणी गार ठेवणारा चिलर तेवढा होरपळतो.

कॉम्प्रेसर सात किलोवॅट उष्णता पाण्यात टाकतो, म्हणजे चिलरच्या मापात दोन टन (एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट). विक्रेता दोन किंवा अडीच टनांचा चिलर लावून मोकळा होतो. पण चिलरवर लिहिलेली क्षमता साधारण ३५ अंश हवेसाठी असते. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा अनेकदा ४२-४३ अंशांवर जातो, आणि तापलेल्या स्लॅबवर, पॅरापेटच्या भिंतीला चिकटवलेल्या युनिटच्या कॉइलपाशी (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीपाशी) तीच हवा ४८-५० ची होते, कारण पंख्याने फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत आत येते. आर-४१०ए हा शीतवायू भरलेल्या युनिटमध्ये कंडेन्सिंग तापमान (कॉइलमध्ये तो द्रव होतो ते तापमान) ६० अंशांवर गेले की दाब सुमारे ३८ बार होतो. दाब वाढला की चिलर बंद करणारा हाय-प्रेशर कटआउट ४१-४२ बारला बसलेला असतो. उरलेले तीन बार कॉइलवरची धूळ खाऊन टाकते. दुपारी तीनला चिलर ट्रिप, दहा-पंधरा मिनिटांत पाणी तापते, कॉम्प्रेसर ट्रिप, ठोका बंद. ही साखळी इतकी ठरलेली आहे की मे महिन्यातली 'कोल्ड हेड गेला' ही तक्रार आली की आधी गच्चीवर जाऊन बघावे.

दोन टनांच्या भाराला किमान साडेतीन टनांचा चिलर घ्या आणि 'उच्च सभोवताल', म्हणजे ४८-५० अंशांसाठीचे मॉडेल लेखी मागा. कॉइलच्या बाजूने मीटरभर आणि पंख्यासमोर दोन-अडीच मीटर जागा मोकळी सोडा. वर सावलीला शेड हवी असेल तर पंख्याचा झोत अडणार नाही एवढी उंच. मोठा चिलर छोट्या भारावर सतत चालू-बंद होतो, म्हणून लाइनमध्ये दोनशे लिटरची बफर टाकी लागते. ती कोटेशनमध्ये बहुतेक वेळा गाळलेली असते.

सेटपॉइंटकडे, म्हणजे चिलरवर लावलेल्या पाण्याच्या तापमानाकडे, कोणी बघत नाही. अनेक ठिकाणी पाणी ८-१० अंशांवर ठेवलेले सापडते, जणू थंड पाण्याने मॅग्नेट जास्त थंड होणार! कॉम्प्रेसर १८ अंशांवर तितकाच सुखी असतो. सेटपॉइंट एक अंश वर नेला की चिलरची वीज दोन-तीन टक्के घटते. १० वरून १८ वर नेले तर चिलरच्या २.८ किलोवॅटमधले अर्धा किलोवॅट वाचते, वर्षाला चार-साडेचार हजार युनिट, एक पैसाही न खर्च करता. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक फायदा: पाइप घामेजत नाहीत, खालच्या फॉल्स सीलिंगवर डाग पडत नाहीत. एक खबरदारी मात्र घ्या. त्याच चिलरवर मशीनच्या ग्रेडियंट कॉइल गार ठेवणारे पाणी असेल तर मशीनच्या पुस्तिकेत त्याची मर्यादा बघूनच आकडा हलवा.

ओल्या पॅडची युक्ती सोलापूरला चांगली लागू पडते. डेझर्ट कूलर इथे चालतो त्याच कारणाने: हवा कोरडी. ४३ अंशांची, २३ अंश वेट-बल्बची (ओल्या थर्मामीटरवर २३ दाखवणारी) हवा सेल्युलोज पॅडमधून ओढली तर कॉइलला २८-२९ ची मिळते. कंडेन्सिंग तापमान बारा-पंधरा अंशांनी उतरते, ट्रिपचा प्रश्नच मिटतो. साडेतीन टनांच्या युनिटला दुपारी ताशी पस्तीस-चाळीस लिटर पाणी लागेल. पण पाणी थेट कॉइलवर फवारू नका. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बसला की दोन हंगामांत कॉइल बदलावी लागते. पॅड आणि कॉइलमध्ये वीतभर अंतर, तळाच्या ट्रेला थोडा सतत निचरा, आणि पावसाळ्यात पॅड काढून ठेवणे.

आहे तसा बसवलेला सरासरी चिलर पाचपैकी दोनच गुणांचा. वर सांगितलेले बदल केले तर साडेतीन.

पाणी, तापमानातला फरक आणि नळाचा बॅकअप

बंद सर्किटमध्ये डीएम (क्षार काढलेले) पाणी आणि गंजरोधक, एवढेच भरायचे. टँकरचे नाही, बोअरचे तर नाहीच. आत १८ अंश, प्रवाह मिनिटाला ८ लिटर असेल तर बाहेर पडणारे पाणी ३०-३१ अंश असायला हवे. फरक १२-१३ चा. तो १७ वर गेला तर प्रवाह सहा लिटरच्या खाली आला आहे: वाय-स्ट्रेनर (लाइनमधली गाळणी) उघडा, गाळ काढा, मग पंपाकडे बघा. दोन साधी थर्मामीटर लावली तर फ्लोमीटर नसला तरी चालते. तीस टक्के ग्लायकॉल भरण्याची पद्धत बर्फाच्या मुलखातली. इथे १८ अंशांचे पाणी गोठणार कुठे? ग्लायकॉलने लिटरमागे उष्णता वाहून नेण्याची क्षमता सात-आठ टक्के घटते आणि पंपावर भार वाढतो. चिलर बनवणाऱ्याने बाष्पकाच्या संरक्षणासाठी अट घातली असेल तर किमान प्रमाण विचारून तेवढेच.

'चिलर बंद पडला तर नळाचे पाणी फिरवू' हा बॅकअप नकाशावर छान दिसतो. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणजे बॅकअप टाकीचा. मिनिटाला आठ लिटर म्हणजे तासाला ४८०. हजार लिटरची टाकी दोन तास. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी ३८-४० अंशांचे असते. कॉम्प्रेसर ते घेणारच नाही. बॅकअप ठेवायचाच असेल तर जमिनीखालच्या हौदातून, छोटा पंप लावून, आणि पाणी गटारात न सोडता परत हौदात फिरवून. मोठ्या हौदात त्याने बराच वेळ निघतो. त्याहून चांगले म्हणजे दुसरा छोटा चिलर आणि आपोआप बदलणारा व्हॉल्व्ह.

कोल्ड हेड थकला हे कसे ओळखावे

मॅग्नेटच्या आत एक छोटा हीटर असतो. कोल्ड हेडची क्षमता गरजेपेक्षा थोडी जास्त असते, जास्तीच्या थंडाव्याने आतला दाब हवेपेक्षा खाली गेला तर बाहेरची हवा ओढली जाऊन बर्फ होईल, म्हणून हीटर मुद्दाम थोडी उष्णता देतो. विचित्र वाटेल, पण सात किलोवॅट खर्चून मिळवलेल्या थंडाव्याचा एक भाग आपणच जाळतो. या हीटरची सरासरी हाच कोल्ड हेडचा नाडीठोका. सहा महिन्यांपूर्वी ४०० मिलिवॅट होती, आता १५० आहे, तर उतार लागला आहे. शून्यावर आली आणि दाब चढू लागला की हेलियम उडायला सुरुवात झाली. हा आकडा दर सोमवारी वहीत लिहा. सर्व्हिस इंजिनिअरला विचारला तर तो स्क्रीनवर दाखवतो, न विचारता सांगणारा विरळा.

अधिकृत देखभालीचा टप्पा १०,००० तासांचा, म्हणजे जेमतेम चौदा महिन्यांचा. प्रत्यक्षात एमआरआयवर लोक हीटरचा आकडा बघून त्याहून बरेच जास्त चालवतात, आणि आकडा खरोखर बघत असतील तर त्यात गैर काही नाही. ॲडसॉर्बरच्या बाबतीत मात्र तशी सूट घेऊ नका. कॉम्प्रेसरमध्ये हेलियमसोबत तेल फिरते. ते विभाजकात आणि शेवटी कोळशाच्या ॲडसॉर्बरमध्ये अडते. ठरलेले तास उलटून गेले की तेलाची वाफ कोल्ड हेडपर्यंत जाते, तिथे गोठते, आणि गुळगुळीत ठोक्याच्या जागी खरखर किंवा ठक-ठक सुरू होते. दोन-तीन वर्षांतून एकदा बदलायच्या भागासाठी काही लाखांचा कोल्ड हेड पणाला लावण्यात शहाणपण नाही.

बंद अवस्थेत गेजवर साधारण १६ बार, चालू असताना जास्त दाबाच्या बाजूला २०-२२ बार. नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या पाटीवर आहेत. बंद दाब उतरला असेल तर ९९.९९९ टक्के शुद्धतेचाच हेलियम भरायचा आणि नळी आधी त्याच वायूने धुवून घ्यायची. फुग्यांचा सिलिंडर स्वस्त मिळतो, त्यातली हवा आणि ओल कोल्ड हेडात बर्फ होऊन बसते. फ्लेक्स लाइनचे (कॉम्प्रेसर आणि कोल्ड हेड जोडणाऱ्या लवचीक नळीचे) कपलिंग सोडताना दोन पाने (स्पॅनर) वापरा, एकाने धरून दुसऱ्याने फिरवा. एकाच पान्याने फिरवले की आतले सील पिळवटते आणि गळती सुरू होते. मग महिन्याला अर्धा बार, इतक्या हळू की कोणाच्या लक्षात येत नाही.

लाइट गेल्यावर

कोल्ड हेड थांबला की तो स्वतःच उष्णता आत नेणारा धातूचा दांडा बनतो. दोन वॅट आत गेले तरी तासाला पावणेतीन लिटर. दीड-दोन हजार लिटरच्या जुन्या मॅग्नेटला चार तास लाइट नसणे सोसते, खर्च होतो इतकेच. फिलिप्सने २०१८ मध्ये आणलेल्या सात लिटरच्या सीलबंद मॅग्नेटसारख्या रचनेत हेलियम भरायची कटकट नाही, क्वेंच पाइपही (हेलियम एकदम उकळले तर वाफ बाहेर नेणारा) लागत नाही, पण थंडीचा साठा तुटपुंजा. तिथे लांबलेल्या वीजखंडात चुंबकीय क्षेत्र उतरवून ठेवावे लागते आणि परत चढवण्यात दिवस जातो. ज्याच्या फीडरवर लाइट वारंवार जाते त्याने हे मशीन घेताना डीजी (डिझेल जनरेटर) आधी मोजावा.

कॉम्प्रेसर, चिलर आणि पंप तिन्ही डीजीवर असले पाहिजेत. नुसता कॉम्प्रेसर जोडून चिलर विसरणे ही नेहमीची चूक. क्रम: आधी पंप, मग चिलर, पाणी २५ च्या खाली आल्यावर कॉम्प्रेसर. महावितरणच्या दुरुस्तीनंतर फेजची अदलाबदल झाली तर फेज रिले कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही, तो बिघडलेला नसतो. रिले नसलेला पाण्याचा पंप मात्र उलटा फिरतो आणि प्रवाह अर्धा होतो. दोन वायर बदलायच्या कामासाठी पुण्याहून माणूस बोलावू नका.

करार

पुणे अडीचशे किलोमीटर. इंजिनिअर सकाळी निघाला तरी दुपार होते, आणि सुटा भाग हातात नसेल तर तो येऊन फक्त 'बघतो'. सोलापूरच्या गिऱ्हाईकाला हा करार पाचपैकी अडीच गुणांचा पडतो, आणि ते गुण इंजिनिअरच्या कौशल्यासाठी आहेत. मसुद्यात 'सर्वसमावेशक' लिहिलेले असते. हेलियम, कोल्ड हेड, कॉम्प्रेसर त्यात असतात. चिलर बहुधा नसतो. आणि खाली बारीक अक्षरांत 'थंड पाणी किंवा वीजपुरवठ्यातील दोषाने झालेली हेलियमहानी वगळून' हे वाक्य असते. वर सांगितलेली साखळी आठवा: इथल्या बहुतेक बिघाडांची सुरुवात चिलरपासून होते. म्हणजे ज्या कारणाने हेलियम उडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच कारण विम्याबाहेर.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्या. चिलर करारात, किंवा स्थानिक रेफ्रिजरेशनवाल्याशी वेगळा करार, त्यात मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी कॉइलची सफाई (आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने). प्रतिसादाची वेळ 'फोन उचलण्याची' नव्हे, 'जागेवर पोचण्याची'. ॲडसॉर्बर कोणत्या तासाला बदलणार तो आकडा. आणि हेलियमची पातळी, दाब, हीटरची सरासरी, पाण्याची दोन तापमाने यांचा मासिक तक्ता तुमच्या हातात. दूरस्थ निरीक्षण असतेच, पण त्याचा इशारा कंपनीच्या पडद्यावर वाजतो. गच्चीवरचा एमसीबी पडला आहे हे बघायला जिना तुमच्याच माणसाला चढायचा आहे, म्हणून पाणी २४ अंशांवर गेले की रखवालदाराच्या मोबाइलवर मेसेज टाकणारा अलार्म वेगळा बसवून घ्या.